दाबाची लाट: विहिरींवरच्या पाणीयोजनेत धक्के कुठून येतात आणि ते कसे शोधायचे

वाहिनीचा पाइप १०० मीटर दाबाला, म्हणजे १०० मीटर उंच पाण्याच्या स्तंभाएवढ्या दाबाला तपासून घातलेला. पंपघरातल्या गेजचा काटा वर्षभर ६० च्या आसपास. तरीही वाहिनी फुटते, आणि बहुतेक वेळा त्याच टप्प्यात फुटते. मग पाइपाच्या दर्जावर संशय, ठेकेदारावर संशय, वरून जाणाऱ्या जड वाहनांवर संशय. यातलं काही खरंही असू शकतं. पण फुटीच्या वेळा एका रकान्यात आणि पंप चालू-बंद झाल्याच्या, वीज गेल्याच्या वेळा शेजारच्या रकान्यात लिहून पाहिल्या, तर चित्र पुष्कळदा बदलतं. गेज खोटं बोलत नसतो, तो फक्त संथ असतो. दीड सेकंदात चढून उतरणारा दाब त्याच्या काट्याला नीट पकडता येत नाही, आणि पकडला तरी नेमकं त्या क्षणी काट्याकडे बघणारं कोणी नसतं.

या अचानक चढणाऱ्या-उतरणाऱ्या दाबाला वॉटर हॅमर किंवा जलाघात म्हणतात. तो समजायला अवघड वाटतो, कारण आपण दाबाचे आकडे बघत बसतो. खरं तर या विषयात आधी घड्याळ बघायचं असतं. धक्का किती मोठा, कुठून आला, कशाने थांबेल, या तिन्ही प्रश्नांची उत्तरं सेकंदांत दडलेली असतात.

६९ टन पाणी

हिशेबासाठी एक काल्पनिक योजना डोळ्यांसमोर ठेवू. एक खोल विहीर, तिच्यात पंप, तिथून उंच टाकीपर्यंत २.२ किलोमीटर लांबीची, आतून २०० मिलिमीटर व्यासाची डीआय, म्हणजे डक्टाइल आयर्नची वाहिनी. पंप तासाला ९० घनमीटर पाणी देतो, म्हणजे सेकंदाला २५ लिटर. टाकी विहिरीच्या तोंडापेक्षा ५० मीटर उंच आहे, घर्षणात वगैरे १० मीटर जातात, म्हणून विहिरीच्या तोंडाशी दाब ६० मीटर. (१० मीटर म्हणजे साधारण एक किलो प्रति चौरस सेंटीमीटर.) पंप बंद असताना विहिरीतलं पाणी जमिनीखाली ३० मीटरवर उभं असतं.

या वाहिनीत पाण्याचा वेग सेकंदाला फक्त ०.८ मीटर आहे, म्हणजे आपल्या चालण्यापेक्षाही कमी. पण पाइपात एकाच वेळी सुमारे ६९ घनमीटर पाणी सरकत असतं. वजन ६९ टन. एवढं वजन चालत्या गतीने जात असताना समोर एकदम काही बंद झालं, तर ते सगळं एकाच क्षणी थांबत नाही. बंद झालेल्या जागेजवळचा पाण्याचा पातळ थर आधी थांबतो. मागून येणारं पाणी त्याला दाबतं, त्यामुळे तो किंचित आकसतो आणि पाइपही किंचित फुगतो. त्या जागेत मागचा थर येऊन थांबतो, मग त्यामागचा. थांबलेल्या आणि अजून धावणाऱ्या पाण्याच्या मधली ही सीमा पाइपातून उलट दिशेने पळत सुटते. हीच दाबाची लाट.

पाणी दाबलं जात नाही असं आपण शाळेत शिकतो. रोजच्या व्यवहाराला ते पुरतं, इथे नाही. ९० मीटर जादा दाबाखाली एक लिटर पाणी जेमतेम ०.४ मिलिलिटरने आकसतं. आकसणं इतकं कमी असल्यामुळेच ही लाट इतकी वेगवान असते. मोकळ्या पाण्यात तिचा वेग सेकंदाला सुमारे १४८० मीटर, म्हणजे पाण्यातल्या आवाजाचाच वेग. पाइपाची भिंत जितकी लवचीक तितका तो उतरतो. पोलाद आणि डीआय पाइपात साधारण १००० ते १२००, पीव्हीसीत ३०० ते ५००, एचडीपीईत त्याहूनही कमी. आपल्या वाहिनीसाठी ११०० धरू.

धक्क्याचं सूत्र लांबून भीतिदायक वाटतं, पण ते एका ओळीचं आहे: लाटेच्या वेगाला पाण्याच्या वेगातल्या बदलाने गुणायचं आणि ९.८१ ने भागायचं, की दाबातला बदल मीटरमध्ये मिळतो. आपल्या योजनेत ११०० गुणिले ०.८ भागिले ९.८१, म्हणजे सुमारे ९० मीटर. हा नेहमीच्या दाबावर चढणारा (किंवा त्यातून उतरणारा) आकडा आहे. ६० मध्ये ९० मिळवले की १५०. पाइप १०० मीटरचा.

या सूत्रात पाइपाची लांबी नाही, ही गोष्ट अनेकांना पटत नाही. एकदम थांबवलेल्या पाण्याचा धक्का दोनशे मीटरच्या आणि वीस किलोमीटरच्या पाइपात सारखाच असतो. लांबीचं महत्त्व वेगळ्या ठिकाणी आहे, तिकडे येऊच.

रशियन शास्त्रज्ञ निकोलाय झुकोव्स्की यांनी १८९७-९८ मध्ये मॉस्कोच्या पाणीपुरवठ्यात प्रत्यक्ष पाइपांवर प्रयोग करून हे सूत्र पक्कं केलं, म्हणून ते त्यांच्या नावाने ओळखलं जातं. (विमानविद्येतही हेच नाव भेटतं, माणूस तोच.) त्यांच्याआधी १८८३ मध्ये योहानेस फोन क्रीस या जर्मन शरीरशास्त्रज्ञाने हाच संबंध मांडला होता. त्यांना नळवाहिन्यांशी काही देणंघेणं नव्हतं, ते रक्तवाहिन्यांतल्या नाडीच्या लाटेचा अभ्यास करत होते.

चार सेकंदांची मुदत

लाट बंद झालेल्या टोकापासून निघते, टाकीपर्यंत जाते, तिथे उलटते आणि परत येते. जाऊन-येऊन ४४०० मीटर, वेग ११००, म्हणजे ४ सेकंद. कुठल्याही वाहिनीसाठी हा आकडा सगळ्यात आधी काढावा: लांबीची दुप्पट भागिले लाटेचा वेग. त्याचं कारण असं. टाकीवर दाब ठरलेला असतो, कारण तिथे पाण्याची पातळी मोकळी असते. त्यामुळे चढलेल्या दाबाची लाट तिथून उतरलेल्या दाबाची होऊन परतते. म्हणजे सुटकेचा निरोप घेऊन येते. पाणी थांबायला चार सेकंदांहून कमी वेळ लागला, तर निरोप पोचण्याआधीच सगळा धक्का बसून गेलेला असतो. अर्ध्या सेकंदात बंद करा की साडेतीन सेकंदांत, या वाहिनीला फरक पडत नाही, दोन्ही ‘एकदम’च. व्हॉल्व सावकाश, म्हणजे वीस सेकंदांत समान गतीने प्रवाह कमी करत बंद झाला, तर ९० चे सुमारे १८ मीटर होतात.

लांबीचं महत्त्व इथे आहे. वीस किलोमीटरच्या वाहिनीत ही मुदत ३६ सेकंदांवर जाते. तिथे पंधरा सेकंदांत ‘हळू’ फिरवलेला व्हॉल्वही धाडकन बंद केल्यासारखाच.

व्हॉल्वच्या बाबतीत आणखी एक फसगत असते. गेट किंवा बटरफ्लाय व्हॉल्व निम्मा मिटला तरी लांब वाहिनीतल्या प्रवाहाला फारसं जाणवत नाही. प्रवाह खरा तुटतो तो शेवटच्या थोड्या फेऱ्यांत. चाक साठ सेकंद फिरत होतं आणि त्यातल्या शेवटच्या दहा सेकंदांतच सगळं घडलं, तर हिशेबात दहा घ्यायचे, साठ नाहीत. म्हणून सुरुवातीला भराभर फिरवून शेवटी अगदी सावकाश जाणारा व्हॉल्वमन, पहिल्यापासून एकाच लयीत फिरवणाऱ्या मोटरपेक्षा वाहिनीला जास्त मानवतो.

वीज जाते तेव्हा

आतापर्यंतचा धक्का चढत्या दाबाचा होता. विहिरींवरच्या योजनांत जास्त त्रास देणारा धक्का उलटा सुरू होतो, दाब उतरण्यापासून. वीज गेली की पंप पाणी ढकलायचं थांबवतो, पण वाहिनीतलं पाणी टाकीकडे धावतच राहतं. पंपाजवळ ओढ निर्माण होते आणि दाब कोसळतो. विहिरीतल्या सबमर्सिबल पंपाचा रोटर सडपातळ असतो, त्यात फिरत राहायला जडत्व जवळजवळ नसतंच. तो चटकन थांबतो. आपल्या चार सेकंदांच्या मुदतीपुढे हे थांबणं ‘एकदम’मध्येच मोडतं.

सूत्र लावा: ६० वजा ९०, उणे ३० मीटर. हे उत्तर निसर्गात अशक्य आहे. दाब हवेच्या दाबाखाली साधारण १० मीटरपर्यंतच जाऊ शकतो, त्यापुढे पाणी नेहमीच्या तापमानालाच उकळून वाफ होतं आणि जलस्तंभ तुटतो. हिशेबात अशक्य आकडा आला, की ‘इथे पोकळी होणार’ असा त्याचा अर्थ लावायचा. आता वाहिनी १४०० मीटरवर एका टेकाडावरून जाते आणि तिथे एरवीचा दाब २५ मीटर आहे असं धरा. पंपाजवळ दाब उणे १० ला अडला, म्हणजे ७० मीटर उतरणीची लाट पुढे निघाली. सव्वा सेकंदात ती टेकाडावर पोचते. २५ वजा ७०, पुन्हा अशक्य. तिथेही पाणी तुटलं.

तुटलेलं पाणी तसं राहत नाही. टाकीकडचा स्तंभ मंदावतो, थांबतो आणि परत फिरतो. पोकळी मिटते आणि पाण्याची दोन टोकं एकमेकांवर आदळतात. मध्ये हवा नसते, असते ती वाफ, आणि ती क्षणात पाणी होते, उशी म्हणून तिचा काही उपयोग नाही. या आदळण्याचा दाब कधीकधी सूत्राने दिलेल्या ९० मीटरलाही मागे टाकतो, कारण अनेक लाटा एकमेकींवर चढतात. टेकाडाजवळच फुटी का होतात, वीज गेल्यावर काही सेकंदांनी का होतात, याचं उत्तर बऱ्याचदा हे असतं.

पाइप फुटला नाही तरी गोष्ट संपत नाही. वाहिनीत उणा दाब आला की गळत्या उलट्या चालतात. एरवी जिथून पाणी बाहेर झिरपतं, तिथून खड्ड्यातलं, गटाराशेजारचं पाणी आत ओढलं जातं. माझ्या मते पालिकेच्या अभियंत्याने फुटीपेक्षा याला जास्त घाबरावं. फूट निदान दिसते तरी.

पीव्हीसी वाहिनीत लाटेचा वेग ४०० धरला तर तोच धक्का ३३ मीटरवर येतो. म्हणून ‘प्लास्टिक पाइपाला वॉटर हॅमर नसतो’ असं म्हणणारे भेटतात. पण टेकाडावरच्या २५ मधून ३३ गेले तरी उणे ८ उरतात, आणि मुदत ४ ऐवजी ११ सेकंदांची होते, म्हणजे उणा दाब जास्त वेळ टिकतो. शिवाय दिवसाला अनेकदा, वर्षानुवर्षं होणाऱ्या चढउतारांनी प्लास्टिक थकतं. मग ते एखाद्या अगदी साध्या दिवशी, साध्या दाबाला चिरतं.

विहिरीची स्वतःची भानगड

टाकीतून किंवा जमिनीवरच्या टाक्यातून उपसणाऱ्या बूस्टर पंपाला एक सोय असते. पंपाला वळसा घालणारी, एनआरव्ही (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारी झडप) लावलेली बायपास नळी ठेवली, तर पंप थांबताच टाक्यातलं पाणी आपणहून वाहिनीत ओढलं जातं आणि पोकळी कमी होते. विहिरीत हे जमत नाही. पाणी ३० मीटर खाली आहे, आणि हवेचा दाब ते फार तर १० मीटर वर चढवू शकतो. बूस्टरवर यशस्वी झालेला उपाय विहिरीवर तसाच उचलून नेला की फसतो, त्याचं हे एक कारण.

दुसरी भानगड पंप चालू होतानाची. विहिरीतल्या उभ्या नळीत, म्हणजे कॉलम पाइपात, पाणी थांबून राहत नसेल, तर बंद असताना नळी पाण्याच्या पातळीपर्यंत रिकामी होते आणि हवेने भरते. पंप सुरू झाला की पहिल्या क्षणी त्याला वर ढकलायला ओझंच नसतं, म्हणून तो ठरलेल्यापेक्षा जास्त पाणी देतो. समजा, १५० मिलिमीटरच्या कॉलममधून सेकंदाला ३० लिटर. वेग १.७ मीटर. वरची हवा एअर व्हॉल्वमधून फुसकारत बाहेर पडते. सुमारे अठरा सेकंदांनी पाणी वर पोचतं, एअर व्हॉल्व खटकन मिटतो आणि पाणी बंद एनआरव्हीवर आदळतं. पूर्ण थांबलं असतं तर हिशेबाने सुमारे १९० मीटरचा धक्का बसला असता. एनआरव्ही उघडतो, पाणी पुढे सरकतं, त्यामुळे प्रत्यक्षात तो कमी होतो, पण उरतो तोही पुरेसा असतो. यासाठी विहिरीच्या तोंडाशी हवा आवळून सोडणारा एअर व्हॉल्व लागतो. हवा मोकळी सुटली तर पाणी बेलगाम वर येतं. तिला अडवून ठेवली तर तीच पाण्याचा वेग मारते.

सबमर्सिबल पंपाच्या डोक्यावर एनआरव्ही असतो आणि वर विहिरीच्या तोंडाशी दुसरा. खालचा गळू लागला आणि वरचा घट्ट राहिला, तर मधलं पाणी हळूहळू खाली उतरतं आणि वरच्या एनआरव्हीखाली पोकळी तयार होते. हवा शिरायला वाट नसेल तर ही पोकळी जवळजवळ निर्वात असते. पुढच्या वेळी पंप सुरू झाला की पाणी उशीशिवाय वर धडकतं.

बाहेर उभं राहून या दोन्हीतला फरक कानाने कळू शकतो. आधी हवेचा लांब फुसकारा आणि मग दणका, तर कॉलम हवेने भरलेला होता. फुसकारा नाही आणि थेट दणका, तर खालच्या एनआरव्हीवर संशय घ्यावा. विहीर जितका जास्त वेळ बंद होती तितका दणका मोठा, असं दिसलं तर संशय आणखी बळावतो.

वीज लगेच परत येणं हेही विहिरीवर धोक्याचं. खालचा एनआरव्ही नसेल किंवा गळत असेल, तर वरून उतरणारं पाणी पंपाला उलटं फिरवतं. उलटा फिरणारा पंप त्याच क्षणी सुलटा चालू केला तर शाफ्ट पिळवटतो. म्हणून पुन्हा चालू होण्याआधी ठरावीक थांबा देणारा टायमर लावतात.

अनेक विहिरी एकाच वाहिनीला जोडलेल्या असल्या की एनआरव्हीची परीक्षा वाढते. एक पंप थांबला तरी शेजारचे चालूच असतात, ते पाणी थांबलेल्या पंपाकडे उलटं ढकलतात, आणि तेही फार लवकर. साध्या झडपेच्या एनआरव्हीला मिटायला तेवढ्या वेळात जमत नाही. पाणी उलटं वाहू लागतं, मग झडप त्याच्यासोबत आपटते. पंपघरात ऐकू येणारा मोठा दणका पुष्कळदा हाच असतो.

मोजायचं कशाने

नियंत्रण कक्षातल्या स्काडाच्या, म्हणजे दूरवरची मोजमापं दाखवणाऱ्या यंत्रणेच्या पडद्यावर दर मिनिटाला एक आकडा येत असेल, तर दोन आकड्यांमध्ये आपली लाट ६६ किलोमीटर धावू शकते. अशा नोंदीत धक्का दिसला तर तो नशिबाने. इथे सेकंदाला शंभर किंवा त्याहून जास्त वेळा दाब टिपणारे लॉगर हवेत. शंभरच्या दराने लाट दोन नोंदींच्या मधे फक्त ११ मीटर सरकते. लॉगर कुठे लावायचे? विहिरीच्या तोंडाशी एनआरव्हीच्या पुढे, सर्वात उंच जागी, टाकीच्या पायथ्याशी, आणि वितरणातल्या एखाद्या बंद टोकावर. तोटीला लांब लवचीक नळी लावून तिच्या टोकाला लॉगर अडकवला, तर नळी धक्क्याचा आकार बिघडवते. जोडणी आखूड आणि हवा काढून टाकलेली हवी.

लॉगरांची घड्याळं एकमेकांशी जुळलेली असणं ही दाबाच्या अचूकतेपेक्षा मोठी गोष्ट. समजा धक्का विहिरीपाशी टाकीच्या ०.६ सेकंद आधी पोचला. ०.६ गुणिले ११०० म्हणजे ६६० मीटरचा फरक. एकूण २२०० मधून तो वजा करून निम्मं केलं, की उगम विहिरीपासून ७७० मीटरवर निघतो. तिथे जाऊन बघायचं: कोणाचा मोठा जोड आहे, आगीच्या नळाचं तोंड आहे, की टँकर भरायचा पॉइंट. घड्याळांत ०.१ सेकंदाची चूक असेल तर उत्तर ५५ मीटरने हलतं, आणि तेवढ्यात भलत्याच दारासमोर उभं राहण्याची वेळ येते.

आलेखाच्या आकारावरूनही बरंच कळतं. पंप थांबल्यावर आधी खोल दरी आणि मग झोके असतील, तर ती पंप ट्रिप झाल्याची, म्हणजे अचानक बंद पडल्याची सही. झोक्याचा काळ महत्त्वाचा. एका बाजूला बंद एनआरव्ही आणि दुसऱ्या बाजूला टाकी असेल, तर एक पूर्ण झोका लांबीच्या चौपटीला लाटेच्या वेगाने भागून येतो, आपल्याकडे ८ सेकंद. मोजलेला झोका १२ सेकंदांचा निघाला तर लाट मंदावली आहे, आणि याचं सर्वात संभाव्य कारण वाहिनीत अडकलेली हवा. ५ सेकंदांचा निघाला तर लाट टाकीपर्यंत पोचतच नाही, मधेच कुठेतरी परतते. एखादा अर्धवट मिटून विसरलेला व्हॉल्व असाही सापडतो. सरळ उभी चढण, दरी नाही, आणि वेळ टाकी भरण्याची, तर टाकीवरचा फ्लोट व्हॉल्व फार लवकर मिटतोय. पंपांशी संबंध नसलेली, तासन्तास चालणारी सारखी थरथर, तर दाब कमी करणारा व्हॉल्व स्वतःशीच झुंजतोय. एखाद्या कारखान्याच्या किंवा धुलाईकेंद्राच्या झटक्यात मिटणाऱ्या विद्युत-व्हॉल्वचे धक्के अणकुचीदार आणि कामाच्या वेळेतच येतात.

धक्का एकीकडे, फूट दुसरीकडे

लाट शहराच्या जाळ्यात शिरली की पाइपाच्या व्यासानुसार तिची उंची बदलते. जाड पाइपातून अरुंद पाइपात जाताना ती वाढते. ३०० मिलिमीटरमधून १५० मध्ये शिरताना, दोन्हींत लाटेचा वेग सारखा धरला, तर १.६ पट. ३० मीटरची लाट ४८ ची झाली. त्या १५० च्या पाइपाचं टोक बंद असेल तर तिथे ती दुप्पट होते, म्हणजे ९६. उलट अरुंदमधून जाडमध्ये जाताना ती ०.४ पट उरते. फाटे, घरगुती जोड, घर्षण हे सगळे प्रत्यक्षात तिला खातात, म्हणून हा आकडा कमाल समजावा. पण दिशा खरी आहे: विहिरीपाशी साधारण वाटणारा धक्का गावाच्या कडेच्या बंद टोकावर जॉइंट उखडू शकतो, आणि तिथला कोणी विहिरीच्या पंपाला दोष देत नाही.

इतक्या लाटा, परावर्तनं, पोकळ्या हाताने मांडता येत नाहीत. एकेकाळी श्नायडर आणि बर्जरॉन यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आलेखपद्धतीने कागदावर रेघा ओढून हे सोडवत. १९६० च्या दशकात संगणक हाताशी आल्यावर व्हिक्टर स्ट्रीटर आणि बेंजामिन वायली यांनी पाइपाचे तुकडे पाडून प्रत्येक सूक्ष्म क्षणाला लाटेचा माग काढणारी पद्धत रुळवली, आणि आजची बहुतेक सॉफ्टवेअर त्याच वाटेने जातात. मॉडेलला वाहिनीची उंच-सखल रेषा, पाइपाचा प्रकार आणि जाडी, पंपाचं जडत्व, एनआरव्हीचा स्वभाव, एअर व्हॉल्वच्या जागा आणि विहिरीची चालू-बंद पातळी द्यावी लागते. आधी लॉगरने टिपलेली एक खरी ट्रिप मॉडेलमध्ये जशीच्या तशी उमटते का ते बघायचं. उमटत नसेल तर बाकीच्या रंगीत आलेखांवर विश्वास ठेवू नये. फरक बहुधा दोन ठिकाणी निघतो: नकाशात नसलेली हवा, आणि नकाशात असलेला पण जमिनीखाली गंजून बसलेला एअर व्हॉल्व.

उपाय, आणि उपायांचे ताप

रोजच्या चालू-बंदसाठी मोटरला एकदम झटका न देणारा सॉफ्ट स्टार्टर किंवा तिची गती हवी तशी बदलणारा व्हीएफडी चांगला. त्यात एक बारकावा आहे. आपला पंप पूर्ण गतीला, पुढचा व्हॉल्व बंद असताना, जास्तीत जास्त १२५ मीटर दाब देतो असं धरा. विहिरीतलं पाणी ते टाकी ८० मीटर. दाब गतीच्या वर्गाच्या प्रमाणात उतरतो, म्हणून ८० टक्के गतीलाच तो ८० मीटरवर येतो आणि पाणी वर जाणं थांबतं. तीस सेकंदांची उतरण लावली असेल तर त्यातली पहिली सहाच सेकंदं कामाची, उरलेली चोवीस पंप नुसता फिरतो. चार सेकंदांच्या मुदतीपुढे सहा म्हणजे अगदी काठावर. उतरण वरच्या टप्प्यात सावकाश आणि खाली वेगात ठेवायला हवी. वीज गेली तर अर्थात व्हीएफडीही तिच्याबरोबर जातो, आणि तिथे त्याचा उपयोग शून्य. हे विकणारा सहसा सांगत नाही.

दुसरा मार्ग म्हणजे पंप सुरू होताना पाणी आधी बाहेर सोडून, मग तो निकास हळूहळू मिटवत पाणी वाहिनीत वळवणारा नियंत्रण व्हॉल्व. खोल विहिरींना तो खास मानवतो, कारण कॉलममधली हवा आणि सुरुवातीची वाळू दोन्ही बाहेर जातात.

ट्रिपसाठी खरा इलाज वाहिनीला पाणी पुरवणारा हवा. विहिरीजवळ हवा आणि पाणी दाबाखाली साठवणारी एअर व्हेसल असेल, तर पंप थांबताच ती वाहिनीत पाणी सोडते आणि दरी उथळ होते. टेकाडावर एकमार्गी, म्हणजे फक्त वाहिनीत पाणी सोडणारी छोटी टाकीही हेच करते. दाब चढल्यावर उघडणारा रिलीफ व्हॉल्व मात्र दरीपुढे हतबल असतो. तो फक्त नंतरची चढण कापतो, तोवर टेकाडावर पोकळी होऊन गेलेली असते. केवळ रिलीफ व्हॉल्व लावून ‘सर्ज (दाबाच्या लाटेपासून) संरक्षण झालं’ असं कागदावर लिहिलेल्या योजना मला नेहमी अपुऱ्या वाटतात.

एअर व्हेसलचेही ताप आहेत. ती पंपाच्या इतकी जवळ असते की पंप थांबताच तिच्यातलं पाणी मागेही धावतं आणि एनआरव्ही आधीपेक्षा जोरात आपटतो. वाहिनी वाचली, पंपघर हादरलं. म्हणून व्हेसलसोबत स्प्रिंगने झटकन मिटणारा, पाणी उलटं फिरण्याआधीच बंद होणारा एनआरव्ही घ्यावा लागतो. टेकाडावरच्या एअर व्हॉल्वचंही तसंच. मोठ्या तोंडाचा व्हॉल्व हवा पटकन आत घेतो, ते छान. पण तितक्याच पटकन बाहेर सोडली तर मिटताना तोच नवा धक्का देतो. आत घेताना मोकळा आणि सोडताना आवळणारा, असाच हवा.

बसवल्यानंतर लॉगर परत त्याच जागी लावून मुद्दाम ट्रिप करून पाहायची: आधी एक विहीर, मग दोन, मग सगळ्या एकदम, कारण प्रत्यक्षात वीज जाते तेव्हा सगळ्याच एकदम थांबतात. टेकाडावरचा सर्वात कमी दाब शून्याच्या वर राहतो का, हे आधी बघायचं, सर्वात जास्त दाब त्यानंतर. ब्लॅडर, म्हणजे हवा आणि पाणी वेगळं ठेवणारी रबरी पिशवी, नसलेल्या एअर व्हेसलमधली हवा हळूहळू पाण्यात विरघळते, म्हणून तिच्या काचेवरची पाण्याची पातळी पंपचालकाच्या रोजच्या नोंदवहीत हवी. पातळी काचेच्या वरच्या टोकाला गेली असेल तर व्हेसल पाण्याने भरली आहे आणि पुढच्या ट्रिपला ती नसल्यासारखीच.